आईंच्या खाटेपाशी चुकलेली मिस्सा

पत्र : ताई, मी वसईची. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. रविवारी मिस्टर मुलांना घेऊन चर्चमध्ये मिस्साला जातात, मी घरी थांबते. ईस्टरलाही गेले नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, मिस्सा चुकवणं मोठं पाप आहे. त्यात गेल्या महिन्यात एका रात्री चौथ्यांदा अंथरूण ओलं झालं आणि मी आईंवर ओरडले. तेव्हापासून जपमाळ हातात घ्यायला लाज वाटते. आईंना आजाऱ्यांचं पवित्र तेल लावायला फादरांना घरी बोलवू या म्हटलं, तर नणंद म्हणते, ‘इतक्यात नको, तेल लावलं की माणूस जातं.’ काय करू?
— एक सून

बाय, मावशींचं बोलणं तुला सगळ्यात जास्त लागलंय, म्हणून आधी तेच घेते. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, आणि कारण नसताना जाणूनबुजून ती टाळणं गंभीर पाप आहे, हे चर्च शिकवतंच. पण कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, ज्या 2181व्या परिच्छेदात हे लिहिलंय, त्यातच गंभीर कारण असलेल्यांना सूटही दिली आहे. उदाहरणं कुठली, तर आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागणाऱ्या बाईला एकटं सोडून ये, असं चर्च तुला सांगत नाही. तू पाप केलेलं नाहीस.

पण दीड वर्षात एकाही रविवारी तुझे मिस्टर घरी थांबले नाहीत, हे वाचून मला वाईट वाटलं. आई त्यांची आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते. म्हणजे शनिवारी तू जा, रविवारी ते जातील. हे त्यांना आजच सांग, आणि सांगताना आवाज खाली घेऊ नकोस.

आईंवर ओरडलीस, ते कन्फेशनमध्ये, फादरांपुढे पापं कबूल करताना, जरूर सांग. चुकलेल्या मिस्सांची यादी मात्र नेऊ नकोस. आणि त्याआधी आईंचा हात हातात घेऊन त्यांची माफी माग. त्यांना समजतं, हे तूच लिहिलंयस. जपमाळ त्यांच्याजवळ बसूनच म्हण. अर्ध्यात डोळा लागला तरी चालेल.

आता तेलाचं. नणंदेला रागावू नकोस, ही भीती आपल्या घराघरांत आहे. शतकानुशतकं हा संस्कार मरणाच्या दारातच दिला जायचा आणि त्याचं नावही अंत्याभ्यंग, म्हणजे शेवटचं तेल लावणं, असंच होतं. फादर तेल घेऊन आले की घरच्यांनी रडायला लागावं, असंच मग होत गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये स्पष्ट केलं की त्याला रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावणं, असं म्हणणं अधिक योग्य आहे. आजाराने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका सुरू झाला की त्याची वेळ झालीच. पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये विधीही नव्याने ठरवून दिला. आता तेल कपाळाला आणि हातांना लावतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून नणंदेला वाचून दाखव. कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील, असं तिथे आहे. पुढे प्रकृती आणखी ढासळली तर हा संस्कार पुन्हा घेता येतो. आज आई शुद्धीवर आहेत, ‘आमेन’ म्हणू शकतील. शुद्ध हरपेपर्यंत थांबलो तर त्यांचं ते ‘आमेन’ आपणच हिरावून घेऊ. म्हणून आधी त्यांना विचार. इच्छा त्यांची, ना तुझी, ना नणंदेची.

त्यांनी होकार दिला की धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, फादरांना फोन कर. तेल फक्त धर्मगुरूच लावू शकतात. पण पुढे दर आठवड्याला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, घेऊन नेमलेले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले लोकही, येऊ शकतात, तेही विचारून ठेव. आईंना गिळायला त्रास होत असेल तर आधी सांग. अगदी छोट्या तुकड्यातही संपूर्ण ख्रिस्त असतो. खाटेजवळ छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेव. आणि तूही तिथेच कम्युनियन घे. नुकताच चहा प्यायलीस म्हणून मागे सरू नकोस. तासभर आधी काही न खाण्याचा नियम आजाऱ्यांना नाही, तसा त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही.