घरासमोर गाडी ठेवण्यासाठी कमी खर्चात रिटेनिंग वॉल कशी बांधावी?

आपण लिहिले आहे की, फोंडा तालुक्यातील आपल्या घराचे अंगण रस्त्यापेक्षा सुमारे 5 फूट खाली आहे, भराव घालून तिथे एका गाडीपुरती जागा करायची आहे आणि त्यासाठी माती अडवणारी 20 फूट लांबीची भिंत (रिटेनिंग वॉल) लागणार आहे. गवंडी एकेरी चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत पुरेल म्हणतो, कंत्राटदार आरसीसीशिवाय (सळई घातलेल्या काँक्रीटशिवाय) गत्यंतर नाही म्हणतो आणि पैसे मर्यादित आहेत. मी डिचोली परिसरात घरबांधणीच्या कामांवर देखरेख करतो. माझे मत असे की, भिंत कशाची हे ठरवण्याआधी ती किती उंच हवी हे ठरवावे, कारण खरी बचत तिथेच आहे.

मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 5 फुटांची भिंत 3 फुटांवर आणली तर रेटा जवळजवळ एक तृतीयांश होतो. गाडीची जागा रस्त्याच्या पातळीलाच असली पाहिजे असे मुळीच नाही. रस्त्यापासून घराच्या दिशेने 26 ते 28 फूट मोकळे असतील, तर पहिल्या 10 फुटांना आठास एक असा ढाळ द्यावा, म्हणजे सव्वा फूट खाली उतरता येते. पुढच्या 16 फुटांत, जिथे गाडी उभी राहील तिथे, आठ इंचांचा सौम्य ढाळ ठेवावा. अशा रीतीने दोन फुटांच्या आसपास उंची कमी होते. रस्त्याचे पाणी आत येऊ नये म्हणून प्रवेशापाशी जाळीचे आडवे गटार मात्र घालावेच लागेल. दोन्ही कुशींना जागा असल्यास तिथे भिंतच न बांधता दीडास एक (दीड फूट आडवा, एक फूट उभा) असा मातीचा उतार ठेवून गवत लावावे.

आता सामान. एकेरी चिऱ्याची नऊ इंची भिंत घराला पुरते, मातीला पुरत नाही, आणि याबाबतीत गवंड्याचे ऐकू नये. ज्या भिंतीत सळई नाही, ती केवळ स्वतःच्या वजनावर उभी राहते. म्हणून पायाच्या तळापासून मोजलेल्या उंचीच्या साठ टक्क्यांच्या आसपास तिची तळाची रुंदी हवी. जमिनीवर 5 फूट आणि जमिनीत दीड फूट धरल्यास तळ 4 फूट व माथा दीड फूट येतो, आणि 20 फुटांसाठी साडेतीन ब्रासहून (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडे अधिक बांधकाम होते. जमिनीवर 3 फूट आणि जमिनीत सव्वा फूट धरल्यास तळ अडीच फूट व माथा सव्वा फूट पुरतो आणि तेच काम 1.6 ब्रासमध्ये आटोपते. हा हिशोब कागदावर मांडून गवंड्याला दाखवा.

भिंतीची रुंदी पायऱ्यापायऱ्यांनी कमी करत न्यावी आणि त्या पायऱ्या मातीच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्यावर बसलेली मातीच भिंतीला दाबून धरते. काळा दगड जवळ मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण तो जड असतो. चिरे वापरायचे झाल्यास ज्यांच्यात पांढऱ्या-पिवळ्या चिकणमातीचे गोळे दिसतात ते बाजूला काढावेत आणि बांधण्यापूर्वी चिरे नीट भिजवावेत. कोरडा चिरा सिमेंटच्या मालातले पाणी शोषून घेतो आणि सांधा कच्चा राहतो. आरसीसी भिंतीला जागा कमी लागते हे खरे, परंतु तिची मुख्य सळई मातीच्या बाजूला लागते. ती मधोमध किंवा बाहेरच्या अंगाला घातली तर लोखंडावरचा खर्च फुकट जातो, म्हणून ही भिंत आराखड्याशिवाय करू नये.

ज्या एका गोष्टीवर पैसे वाचवू नयेत असे मी कळकळीने सांगतो, ती म्हणजे पाण्याचा निचरा. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. भिंतीमागे पाणी तुंबले की तिच्यावरचा रेटा निचरा झालेल्या मातीच्या तुलनेत दुपटीहून अधिक होतो. आपल्याकडचे जुने सुके गडगे (नुसते दगड रचून केलेले बांध) चुन्या-सिमेंटाशिवाय टिकून आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच की पाणी त्यांच्यातून सरळ निघून जाते. सिमेंटने सांधे बंद केल्यावर ती वाट आपल्याला करून द्यावी लागते. भिंतीच्या पाठीमागे नऊ इंच ते फूटभर जाडीचा खडी-डबराचा थर तळापासून वरपर्यंत न्यावा. भिंतीतून तीन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे दर चार-पाच फुटांवर, बाहेर किंचित उतरते बसवावेत. खालची रांग बाहेरील जमिनीच्या जरा वर असावी, आणि पाइपांच्या आतल्या तोंडांना जाळी लावावी, म्हणजे खडी वाहून येणार नाही. घराच्या छपराची पन्हळ भरावाकडे सोडलेली असेल तर ती आधी फिरवा: 100 चौरस मीटर छपरावरून वर्षाला सुमारे 3 लाख लिटर पाणी येते.

भराव मुरमाचा घ्या, चिकणमातीचा नको. सहा ते नऊ इंचांचे थर घालून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपावा. उभी गाडी भिंतीवर साधारण फूटभर जादा मातीइतका भार टाकते, म्हणून चाके काठापासून तीन फूट आत थांबतील असा कठडा करावा. पेव्हर लगेच बसवू नयेत. एक पावसाळा भराव बसू द्यावा आणि तो खर्च दिवाळीनंतर करावा.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. बांधकामासाठी पंचायतीचा परवाना लागतो, आणि सखल जमिनीत भराव किंवा डोंगरउताराची कापणी म्हटली की नगर नियोजन कायद्याचे कलम 17-अ आड येऊ शकते, तेव्हा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) व सर्व्हे नकाशा घेऊन आधी नगर नियोजन कार्यालयात विचारावे. भिंतीचा पाया हद्दीबाहेर जाता कामा नये.

काम एप्रिलअखेर पुरे होईल असे बघा, म्हणजे पावसापूर्वी भिंतीवर पाणी मारायला वेळ मिळेल. पहिल्या पावसात पाइपांकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी येत असेल तर निचरा ठीक आहे. गढूळ येत राहिले तर मागची माती वाहून जात आहे, आणि जोरदार पावसातही काहीच आले नाही तर पाइप बुजले आहेत असे समजून ते मोकळे करावेत. उंची 4 फुटांच्या वर ठेवावीच लागली, किंवा भिंतीच्या खालच्या अंगाला कोणाचे घर अथवा येण्याजाण्याची वाट असेल, तर मी वर दिलेल्या मापांवर काम सुरू न करता स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवावी. त्याची फी पहिल्यापासूनच अंदाजपत्रकात धरावी.