आधी ती अपॉइंटमेंट रद्द करा

प्रश्न : मुलगा अटलांटाला असतो. तिथल्याच कृष्णवर्णीय मुलीशी डिसेंबरात नाशिकला त्याचं लग्न आहे. मुलगी गुणी आहे, पण तापट वाटते (पार्लरमध्ये तिच्या केसांचं स्मूदनिंग ठरवलं, त्यावरून जरा वाजलं). आम्ही भेदभाव मानत नाही. मुलाचा कृष्णवर्णीय मित्र आमच्याकडे महिनाभर राहून गेला. भाचेसून तर गोरी अमेरिकन आहे. लग्नात नथ घालणार नाही म्हणाली, स्पष्टवक्ती आहे. या मुलीचं मात्र चार नातेवाइकांत कसं निभवायचं?
– एक आई

उत्तर : ताई, कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत.

गोरीनं नथ नाकारली तर ती स्पष्टवक्ती, हिनं केस सरळ करायला नकार दिला तर ही तापट! नकार दोघींचाच. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईनं साधं ‘नको’ म्हटलं तरी ते भांडण म्हणून ऐकलं जातं. तो कान तुम्ही नाशकात बसून उसना घेतलात.

मित्राचा दाखला देऊ नका. जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीवर कृष्णवर्णीय बायकांनी भेदभावाचा खटला भरला होता. १९७६ साली कोर्टाचं म्हणणं पडलं की कंपनी बायका घेते आणि कृष्णवर्णीयही घेते, मग तक्रार कसली? घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या आणि कृष्णवर्णीय होते ते पुरुष. या बायका मधल्या मध्ये गळाल्या. १९८९ मध्ये अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. मुलाचा मित्र कृष्णवर्णीय पण पुरुष, भाचेसून बाई पण गोरी; हिशेब तोच.

आता केस. तिच्यासारखे दाट कुरळे केस प्रत्येक वळणावर नाजूक असतात. टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे राहतात. स्मूदनिंगच्या रसायनानं केसाची आतली बांधणीच बदलते. पुन्हा धुतलं म्हणून ती परत येत नाही. नवे केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे फोटोतल्या एका दिवसासाठी तिनं दोन-तीन वर्षं वाट पाहायची. शिवाय हे केस ‘नीट’ नाहीत म्हणून तिथे बायकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्यात. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो उगाच नाही.

पार्लरची अपॉइंटमेंट आजच रद्द करा आणि तिला फोन लावा. मुलामार्फत नको, थेट तिला. केस कसे ठेवणार आहेस आणि त्यासाठी कुठल्या दिवशी किती तास मोकळे हवेत, एवढंच विचारा. बारीक वेण्या घालायच्या असतील तर चार ते आठ तास सहज जातात. बहुधा ती तिकडूनच घालून येईल. नाशकात ते हात मिळणं कठीण. वेण्यांत कृत्रिम केस गुंफले असतील तर ते आगीनं वितळतात, तेव्हा लाजाहोमाला बसताना अंबाडा बांधलेला हवा. गजरा त्यावर यू-पिनांनी छान बसतो, मुंडावळ्यांनाही अडचण नाही. हळदीला आंब्याची पानं पाय, गुडघे, खांदे इथपर्यंतच. डोक्याला लावायची नाहीत, फिकट वेण्यांवरचा डाग निघत नाही. हे करवल्यांना तुम्ही आधीच बजावा, तिला ऐनवेळी ओरडायला लावू नका. आणि ‘बघू तरी’ म्हणत तिच्या केसांत हात घालणाऱ्या मावशा येतीलच. त्यांचा हात तुम्ही धरायचा.