छापखाना निवडताना : फाइल कुठे राहते आणि किती दिवस?

प्रश्न : आमची संस्था दरवर्षी सुमारे ४० हजार सभासदांना त्यांच्या खात्याचे वार्षिक विवरणपत्र छापून टपालाने पाठवते. यंदा तीन लहान छापखान्यांकडून दर आले आहेत. दरांत फारसा फरक नसल्यामुळे सायबर सुरक्षेच्या निकषावर निवड करावी, असे समितीने ठरवले आहे. पहिल्या छापखान्याने आमच्या १२० प्रश्नांच्या प्रश्नावलीला एकूण एक ‘होय’ अशी उत्तरे दिली आहेत. दुसऱ्याने बाहेरून मूल्यांकन करणाऱ्या कंपनीचा अहवाल जोडला असून त्यात त्याला उत्तम गुण मिळाले आहेत. तिसऱ्याने तीसहून अधिक प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिले आहे. मात्र आमची फाइल कोणत्या दोन संगणकांवर राहील, दहा दिवसांनी ती कोण पुसेल आणि प्लेट काढणाऱ्या यंत्राचा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून का ठेवला आहे, हे एका पानाच्या पत्रात कळवले आहे. समितीचा कल पहिल्याकडे आहे. ही तुलना कशी करावी?
— एका संस्थेचे खरेदी विभागप्रमुख

उत्तर : आपल्यासमोरच्या तीन कागदांपैकी सर्वांत जास्त माहिती तिसऱ्या छापखान्याच्या पत्रात आहे. एवढ्यावरून त्यालाच काम द्यावे असे मी म्हणणार नाही. पण उरलेले दोन कागद तुलनेसाठी किती अपुरे आहेत, हे समितीला आधी समजले पाहिजे.

दुसऱ्या छापखान्याच्या अहवालापासून सुरुवात करू. बाहेरून केलेले मूल्यांकन इंटरनेटवरून जे दिसते तेवढेच पाहते : संकेतस्थळाचे प्रमाणपत्र चालू आहे का, ईमेलच्या नोंदी नीट आहेत का, कोणते पोर्ट (संगणकाची जोडणीची दारे) उघडे राहिले आहेत, कर्मचाऱ्यांचे पासवर्ड कुठे फुटले आहेत का. मोठ्या कंपनीबाबत यातून बरेच काही कळते. बारा माणसांच्या छापखान्याचे संकेतस्थळ मात्र भाड्याच्या सर्व्हरवर असते आणि ईमेल एखाद्या बड्या सेवेकडे असतो, त्यामुळे त्या उत्तम गुणांतला मोठा वाटा त्या बड्या सेवेचाच असतो. आपली फाइल जिथे प्रत्यक्ष उघडली जाते तो डीटीपी (पाने मांडण्याचा) विभाग, रिप म्हणजे फाइलचे छपाईयोग्य ठिपक्यांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक आणि डिजिटल छपाई यंत्राचा नियंत्रक या अहवालाला दिसतच नाहीत.

पहिल्याच्या १२० ‘होय’ची अडचण वेगळी आहे. ‘आपण माहिती एन्क्रिप्ट करता का?’ (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक करता का) या प्रश्नाला ईमेल सुरक्षित मार्गाने जातो म्हणून कुणी ‘होय’ म्हणेल, आणि प्रत्येक संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे म्हणूनही कुणी ‘होय’च म्हणेल. दोन्ही उत्तरे खरी असली तरी त्यांतून कळणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. शिवाय लहान व्यवसायात सर्वच बाबतीत ‘होय’ हे उत्तर मला अस्वस्थ करते. चोवीस तास देखरेख ठेवणारा स्वतंत्र कक्ष बारा माणसांच्या छापखान्यात नसतो, आणि नसला तरी चालते. तो आहे असे लिहून देणाऱ्याने बहुधा प्रश्न पुरता वाचलेलाच नसतो.

तेव्हा छापखान्यांची तुलना जरा बाजूला ठेवा आणि आपल्या एका फाइलचा तीनही ठिकाणचा प्रवास शेजारी शेजारी मांडा. ती आत येते कशी, ईमेलने की सुरक्षित फोल्डरमधून? तपासणीसाठी कोणत्या संगणकावर उघडली जाते? पानांची जुळणी केल्यावर तिची दुसरी प्रत कुठे तयार होते? प्रूफची पीडीएफ कुणाच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडते? पत्त्यांची यादी टपालाचे काम करणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाते का? आणि छपाईत खराब निघालेले, नावे असलेले कागद कातरले जातात की रद्दीत जातात? हा शेवटचा प्रश्न सायबर सुरक्षेच्या प्रश्नावलीत सहसा नसतो, पण सभासदाच्या दृष्टीने नुकसान तेच असते.

काही वर्षांपूर्वी एका छापखान्याची पाहणी करताना मी डिजिटल यंत्राशेजारच्या नियंत्रण संगणकासमोर उभा होतो. त्या दिवशीचे काम शोधण्यासाठी ऑपरेटरने ‘छापून झालेली कामे’ ही यादी खाली सरकवली, तशी मागच्या सात महिन्यांतली कामे एकामागून एक येत गेली. आणि एका ओळीवर माऊस थांबताच शेजारी पानाचे छोटे चित्र उमटले. त्यात कुणाचे तरी नाव, पत्ता आणि खाली कर्जाची शिल्लक रक्कम होती. तो ऑपरेटर निष्काळजी मुळीच नव्हता. ‘दोनशे प्रती खराब निघाल्या, पुन्हा छापून द्या’ असा ग्राहकाचा फोन येतो तेव्हा काम हाताशी असावे लागते, म्हणून तो यादी पुसत नव्हता. फाइल ठेवण्यामागे धंद्याची खरी गरज असते, हे ध्यानात घेऊनच प्रश्न विचारावा लागतो. ‘फाइल पुसता का?’ असे विचारले की ‘होय’ येते. ‘पुनर्मुद्रणासाठी किती दिवस ठेवता, कोणत्या संगणकांवर, आणि शेवटची कधी पुसली ते दाखवता का?’ असे विचारले की खरी परिस्थिती समोर येते.

धोक्याला दोन बाजू असतात : कुणी आत शिरण्याची शक्यता किती, आणि शिरलाच तर हाती काय लागेल. माझ्या अनुभवात लहान छापखान्यांमध्ये पहिल्या बाजूचा फरक आपण समजतो त्याहून कमी असतो, कारण त्यांचा धंदाच सारखा आहे. ‘अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका’ हा सल्ला इतरांना उपयोगी पडेल; छापखान्याचे पोट मात्र अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्यावरच चालते. त्यातून छापायच्या पानाचे वर्णन करण्यासाठी १९८४ साली अडोबीने आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही मुळात प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, म्हणजे त्या प्रकारची फाइल हा एक चालवला जाणारा प्रोग्रॅमच असतो. अशा फाइली वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या बहुवापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली असा दोष सापडला होता की खास बनवलेली फाइल उघडताच संगणकावर परक्याची आज्ञा चालू शकत होती.

जुन्या यंत्रांचा प्रश्नही सर्वांचा सारखाच. छपाईचे यंत्र पंधरा-वीस वर्षे काम देते, त्याला जोडलेल्या संगणकाची प्रणाली मात्र तेवढी टिकत नाही. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्यांचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरले तेव्हा ज्या दोषातून ते शिरत होते त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पण ‘यंत्र चालू आहे, हात लावू नका’ म्हणून जिथे जिथे ती बसवली नव्हती तिथे ते पोचले. ज्या संगणकावर दुरुस्ती बसवता येत नाही तो जाळ्यापासून (नेटवर्कपासून) वेगळा ठेवणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे, आणि तिसऱ्या छापखान्याने तोच केला आहे.

खरी तफावत दुसऱ्या बाजूला, म्हणजे हाती काय लागेल यात असते. समजा, एक छापखाना आपल्या ४० हजार नोंदी पाच ठिकाणी ९० दिवस ठेवतो आणि दुसरा दोन ठिकाणी १० दिवस. नोंदी, दिवस आणि ठिकाणे यांचा गुणाकार केला तर पहिल्याचा आकडा १ कोटी ८० लाख येतो आणि दुसऱ्याचा ८ लाख. म्हणजे साडेबावीस पट फरक. हा आकडा म्हणजे धोक्याचे मोजमाप नव्हे, तुलनेसाठी केलेला ढोबळ हिशेब आहे. तरीही चांगल्या अँटिव्हायरसमुळे पडणारा फरक याच्या जवळपासही जात नाही, असे माझे मत आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. २०२२ साली वनटचपॉइंट या अमेरिकेतील छपाई आणि टपाल सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा अनेक आरोग्य विमा योजनांच्या मिळून २६ लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये सिंगापूरमधील टोपान नेक्स्ट टेक या मुद्रण कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि डीबीएस बँकेच्या सुमारे ८,२०० ग्राहकांची विवरणपत्रे त्यात सापडली असण्याची शक्यता बँकेला जाहीर करावी लागली. बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्काही लागला नव्हता.

आता निवडीची पद्धत. सर्व प्रश्नांच्या गुणांची बेरीज मुळीच करू नका, कारण बेरजेत उत्तम पासवर्ड धोरणाचे गुण सात महिने न पुसलेल्या यादीला झाकून टाकतात. आधी तीन अटी ठेवा आणि त्या न पाळणाऱ्याला बाजूला काढा : ईमेलला आणि फाइल घेण्याच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण, उदा. फोनवरचा कोड), एरवी जाळ्यापासून तोडून ठेवलेला बॅकअप (माहितीची राखीव प्रत), आणि काही घडल्यास ठरावीक तासांत आपल्याला कळवण्याचे लेखी बंधन. तिसऱ्या छापखान्याचे तीसहून अधिक ‘नाही’ या अटींबाबत असतील तर त्याचे पत्र कितीही प्रांजळ असले तरी तो बाद होतो. ते स्वतंत्र सुरक्षा अधिकारी किंवा देखरेख कक्ष यांबाबत असतील तर फारसे बिघडत नाही. बॅकअपबद्दल विचारताना ‘तो शेवटचा परत भरून कधी पाहिला आणि त्याला किती वेळ लागला?’ हे विचारा. अटी पाळणारे जे उरतील त्यांची तुलना फाइलच्या प्रवासावर करा, आणि शक्य असल्यास अर्धा दिवस तिथे प्रत्यक्ष जाऊन करा.

कामाचे स्वरूपही पाहावे लागते. प्रश्नपत्रिकेची गुप्तता परीक्षा सुरू होईपर्यंतच मोलाची असते, म्हणून तिथे छपाईपूर्वीचे दिवस कडक हवेत. मतपत्रिकेच्या कामात ठरलेली तारीख चुकवता येत नाही, म्हणून हल्ल्यानंतर छापखाना किती दिवसांत पुन्हा उभा राहील हे आधी पाहावे. आपल्या कामात विवरणपत्र आठवडाभर उशिरा गेले तर चालेल, पण सभासदाची बाहेर गेलेली माहिती परत आणता येणार नाही. म्हणून फाइल किती दिवस राहते या प्रश्नाला सर्वाधिक वजन द्या.

एक गोष्ट मात्र छापखान्याच्या नव्हे, आपल्याच हातात आहे. फाइल पाठवण्यापूर्वी तिचे स्तंभ मोजा. पाकिटावर न छापला जाणारा दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक असे स्तंभ ‘आहेत तसे’ निर्यात होऊन जातात. ते काढून टाकले तर तीनही छापखान्यांकडचा धोका त्याच क्षणी कमी होतो.

प्रश्न : मी नऊ कामगारांचा छापखाना चालवतो. ग्राहक आता शंभर-शंभर प्रश्नांचे अर्ज पाठवतात. आमच्यासारख्या लहान जागेकडे कोण लक्ष देणार, असे मला वाटत असे. पण कामे हातची जाऊ लागली आहेत. सुरुवात कुठून करावी?
— एक मुद्रक

उत्तर : लहान असल्यामुळे आपण दिसत नाही, हा समज आधी सोडावा. हल्लेखोर बहुतेक वेळा नाव पाहून येत नाहीत. त्यांचे प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडी दारे शोधत फिरत असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका व्यक्तीने इंटरनेटवर उघडे असलेले हजारो प्रिंटर शोधून त्यांच्यावर आपला संदेश परस्पर छापून घेतला. त्या प्रिंटरांचे ९१०० क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगाला खुले होते, एवढेच कारण त्याला पुरले. आपल्या राउटरवर हे पोर्ट आणि दुरून संगणक चालवण्याची सोय बाहेरून बंद आहे ना, हे याच आठवड्यात पाहून घ्या.

त्यानंतर ईमेलकडे वळा. लहान व्यवसायाचे पैसे अनेकदा फार साध्या मार्गाने जातात : कागदाच्या व्यापाऱ्याच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल येतो आणि पुढचे बिल भलत्याच खात्यात भरले जाते. अशा ईमेल फसवणुकीत २०२३ या एका वर्षात सुमारे २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे नोंदल्या गेल्या. खाते बदलल्याचा निरोप आला की मेलमधल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करूनच खात्री करायची, हा नियम हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीला लेखी द्या. द्विस्तरीय पडताळणीला खर्च जवळजवळ नाही.

ग्राहकांचे पेनड्राइव्ह आणि फाइली उघडण्यासाठी एक वेगळा संगणक ठेवा. त्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर, बँकेचे व्यवहार किंवा जुन्या कामांचा साठा नसावा, आणि त्यावर बसणाऱ्याला प्रशासकाचे अधिकार नसावेत. डिजिटल यंत्राच्या नियंत्रकावर छापून झालेली कामे ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय अनेकदा असते. आपल्या यंत्रात ती आहे का हे देखभालीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा आणि तो समोर असतानाच ती चालू करून घ्या. यंत्र विकताना किंवा भाड्याचे यंत्र परत करताना त्यातली डिस्क कोरी करून घ्यायलाही विसरू नका.

अर्जांबद्दल माझा सल्ला असा, की जिथे ‘नाही’ असेल तिथे ‘नाही’च लिहावे, आणि पुढे त्याऐवजी आपण काय करतो ते एका वाक्यात सांगावे. फाइल कुठे राहते, किती दिवस राहते आणि ती पुसण्याची जबाबदारी कुणाची, याचे एक पान तयार करून प्रत्येक दरपत्रकासोबत जोडावे.

प्रश्न : सायबर विमा काढलेला छापखाना अधिक सुरक्षित मानावा का?
— एक वाचक

उत्तर : विम्यामुळे नुकसान कोण भरणार हे बदलते, माहिती बाहेर जायची थांबत नाही. मात्र विमा कंपन्या अर्जात बॅकअप आणि द्विस्तरीय पडताळणीबद्दल नेमके प्रश्न विचारतात, त्यामुळे तो अर्ज पाहायला मागणे उपयोगाचे ठरते. २०२२ साली अमेरिकेत एका विमा कंपनीने, अर्जात सांगितलेली द्विस्तरीय पडताळणी सर्व्हरवर प्रत्यक्षात नव्हती या कारणावरून पॉलिसीच रद्द ठरवण्याची मागणी न्यायालयात केली होती. म्हणून छापखान्याला पॉलिसीच्या पहिल्या पानासोबत भरलेल्या अर्जाची प्रतही मागा, आणि त्यातली उत्तरे त्याने आपल्याला दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहा.