ताडोबाचा हट्ट सोडा, गोंदियाची गाडी पकडा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: पुण्याहून चौघं, मुलं १० आणि १४ वर्षांची, जानेवारीत पाच दिवस, ताडोबाच्या सफारीचे दर ऐकून घाम फुटलाय, तरी विदर्भातलं जंगल आणि खेडं बघायचंय. वरच्या उत्तरांत दोघांनी चिखलदरा सुचवलाय. चिखलदरा छानच आहे, पण पुणेकराला थंड हवेचं ठिकाण बघायला विदर्भात कशाला यायचं? माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं, म्हणून मी सरळ झाडीपट्टीच सांगणार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा पट्टा.

आधी एक गोष्ट कबूल करते. लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या मंडळींना माझा मुलूख दाखवायचा म्हणून मी चार दिवसांत सात ठिकाणं बसवली होती, भाड्याच्या गाडीनं. सगळ्यात जास्त खर्च डिझेलवर झाला आणि नणंदेला आज विचाराल तर फक्त ढाब्यावरची शेवभाजी आठवते. तेव्हापासून पाहुण्यांना एकच सांगते, गाडी करू नका. गोंदिया-बल्लारशा ही एकच रेल्वे लाइन धरा आणि तिच्यावरची दोन-तीन गावं.

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून जाते आणि थेट गोंदियाला संपते. स्लीपरनं या, प्रवास लांबलचक आहे पण एक रात्र गाडीतच निघते. दहा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर रेल्वे पूर्ण भाडं घेते, हे लक्षात ठेवा. पुढच्या पॅसेंजरला मात्र त्याचं अर्धंच तिकीट. एसटीतही त्याचं अर्धं, आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धं, म्हणजे चौघांत तीन तिकिटांचे पैसे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास कोणी सुचवेल, तो या सहलीत वसूल होणार नाही.

पहिला मुक्काम नवेगावबांध. देवलगाव नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरायचं, तिथून गाव हाकेच्या अंतरावर. वनविभागाची राहण्याची सोय आधी बुक करा, जानेवारीत शनिवार-रविवार टाळा. इथला तलाव निसर्गानं दिलेला नाही, बांधलेला आहे. आमच्याकडचे कोहळी लोक तळी बांधण्यात पटाईत. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, पाळ म्हणजे मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना सोडायचं. अशी लहानमोठी हजारो तळी या चार जिल्ह्यांत आहेत. मालगुजारी म्हणजे इकडची जुनी जमीनदारी गेली, तळी सरकारजमा झाली, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बोलताना नुसतं 'मामा तलाव'. मुलांना वाटेल कुणाच्या तरी मामाचा आहे, माझ्या पोरांनाही वाटलं होतं.

सकाळी सहाला पाळीवर जाऊन बसा. थंडी बोचरी असते, जानेवारीत गोंदियाचा पारा दहाच्या खाली सहज जातो. पाण्यावर धुकं, धुक्यात ढिवरांचे (मासेमारांचे) डोंगे, मधूनच बदकांचा एक आख्खा थवा उठतो आणि पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी नंतर दिसतात. याला तिकीट नाही. सफारी करायचीच तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात एकच करा, वाघ दिसेल अशा भरवशावर नको. सारस बघायचे असतील तर परतीच्या दिवशी गोंदियाच्या आसपासच्या तळ्यांवर पहाटे रिक्षा करून जा. महाराष्ट्रात ते आता जवळजवळ या जिल्ह्यापुरतेच उरलेत. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच पक्षी, जोडीनं धानाच्या बांधीत उभा असतो. दिसले तर लांबूनच बघा.

एक दिवस गोठणगावकडे जा. इटियाडोह धरण आहेच, पण त्याहून नवल म्हणजे प्रतापगडजवळची (साताऱ्याचा नव्हे, आमच्याकडचा) तिबेटी वसाहत, नॉर्ग्येलिंग. १९७२ पासून ही माणसं इथे आहेत. धानाच्या शेतांमधून जाताना अचानक प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात. पलीकडून एखादी तिबेटी आजी आमच्या झाडी बोलीत 'कुठून आले जी' म्हणते, तेव्हा पुणेकराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी जानेवारीच योग्य. वडसा (कागदोपत्री देसाईगंज) त्याच लाइनवर आहे. तिथल्या रस्त्यावर नाटक मंडळांची ऑफिसं ओळीनं दिसतील. झाडीपट्टी रंगभूमीचं हे मुख्य ठाणं. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा) होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव नाटकं होतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. एकाच गावात एका रात्री तीन-चार मंडपही असतात. नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मधूनमधून गाणी, नाच, विनोदी प्रवेश. काही नाच तुमच्या चौदा वर्षांच्या मुलासोबत बघताना अवघडायला होईल, आधीच सांगते.

खुर्चीचं तिकीट काढू नका. खाली बसा, तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) ताडपत्री असते, शेजारच्या बाईनं आणलेली गोधडी अर्धी तुमच्या पायावर येते. कोणाचे जावई, कोणाच्या लेकी, सगळा गोतावळा त्या रात्री गावात उतरलेला असतो. लग्नाच्या सोयरिकीसुद्धा तिथेच जुळतात. माझ्या आत्येची तशीच जुळली. दोन अंकांमध्ये नवरामुलगा दाखवला, तिसऱ्या अंकात होकार.

मुक्काम वडसा किंवा ब्रह्मपुरीतल्या साध्या लॉजवर. चादरी आपल्या आणा. जेवायला खानावळीत भात, वरण आणि वांग्यात पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) दाणे घातलेली भाजी मागा. मासे खात असाल तर तळ्यातले झिंगे (छोटी कोळंबी). सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे, मुलांना तर्री वेगळी द्यायला सांगा.

दोन सूचना मात्र गंभीरपणे घ्या. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ भरपूर आहेत आणि माणसांवर हल्ले होतात. भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला जंगलाच्या वाटेनं पायी जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. नाटकाच्या गावाहून रात्री परतायचं नाही, उजाडेपर्यंत मंडपातच थांबायचं. आणि खेड्यात फोनवरून पैसे देता येतीलच असं धरून चालू नका, सुटे ठेवा.

परतीचं आरक्षण आजच बघा, संक्रांतीला ती गाडी भरते. तुमच्या तारखा इथे लिहा. त्या आठवड्यात कुठल्या गावी पट आहे ते भावाला विचारून सांगते.