सड्यावरचं थाळीभर पाणी

प्रश्न : जूनअखेरीस आम्ही आंबोलीला गेलो होतो. फोटोसाठी गाडी सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर चढवली, तर गावातले एक काका फार रागावले. म्हणाले, ‘तुमच्या चाकांखाली आमचे टोड मरतात.’ माझ्या मुलाने तिथल्या डबक्यातले पाच बेडूकमासे बाटलीतून आणले आहेत. ते रंकाळा तलावात सोडले तर चालतील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्र मिळताच मी तुम्हाला फोनवर ‘सोडू नका, वनविभागाला कळवा’ असं सांगितलं होतं. बाकीच्यांसाठी कारण इथे लिहितो. बेडकांना कातडीचा एक बुरशीजन्य रोग होतो. जगभरात त्याने कित्येक जाती संपवल्या आहेत आणि पाण्याबरोबर तो एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो. म्हणून मी स्वतःही एका डबक्यातले ओले बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या जागी घालतो.

काकांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. आंबोली टोड हा त्यातला एक इवलासा जीव. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात ‘टायगेरिना’. शास्त्राने त्याला वेगळी जात म्हणून ओळखलं ते 2009 साली. त्याचा एकच सख्खा भाऊबंद आहे, कोयनेचा टोड. आंबोलीचा हा मात्र आंबोली परिसराबाहेर सापडत नाही. आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींमध्ये आहे.

पहिल्या सरी पडल्या की रानाने वेढलेल्या जांभ्याच्या कातळावर खळगे भरतात. काही तर थाळीएवढे उथळ! त्या पाण्यात मासे नसतात, म्हणून टोडची मादी तिथेच अंडी घालते. चार दिवस पावसाने ओढ दिली तर खळगा आटतो, तो धोका त्याच्या पाचवीला पुजलेलाच आहे. पण चाकाचा धोका नवा. तुम्हाला जो चिखल दिसला, त्यात कदाचित एका मादीची वर्षभराची सगळी अंडी होती. पावसाळी सहलींची गर्दी नेमकी याच दिवसांत उसळते. रात्री डांबरी रस्ता ओलांडणारे टोड गाड्यांखाली येतात. सकाळी मी स्वतः ते रस्त्यावरून उचलले आहेत. शिवाय बांधकामं आहेत. कातळाला ‘पडीक जमीन’ म्हणतात, याचा मला खरोखर राग येतो.

मुलाला रागावू नका, त्याला कुतूहल आहे. पुढच्या जूनमध्ये गाडी गावातच ठेवा, त्या काकांना गाठा आणि सड्यावर त्यांच्या पावलावर पाऊल टाकून चाला.