चीनांशुक, कौशेय, पाट आणि रेशीम

संस्कृत नाटके मराठीतून वाचणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : "शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी 'चीनांशुक' हा शब्द येतो. कोणी त्याचा अर्थ 'चिनी रेशीम' असा देतात, तर कोणी नुसते 'तलम वस्त्र' म्हणतात. 'अंशुक' या शब्दात रेशीम हा अर्थ मुळातच आहे का? आपला 'रेशीम' हा शब्द चिनी भाषेतून आला असे ऐकले, ते खरे का? आणि चिनी भरतकामाच्या रेशमी धाग्यासाठी मराठीत निराळा शब्द आहे का?" हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि शब्दांइतकाच धाग्याचाही विचार केल्याशिवाय ते नीट सुटत नाहीत.

मूळ ओळ अशी आहे : "गच्छति पुरः शरीरं धावति पश्चादसंस्तुतं चेतः । चीनांशुकमिव केतोः प्रतिवातं नीयमानस्य ॥" शकुंतलेला सोडून छावणीकडे निघालेला दुष्यंत म्हणतो की शरीर पुढे चालले आहे, पण मन मागे धावते आहे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने ध्वज नेला की काठी पुढे जाते आणि तिचे कापड मागे ओढले जाते, तसे. या उपमेचा सगळा भार कापडाच्या हलकेपणावर आहे. जाड, ताठ कापड मागे धावणार नाही, फार तर फडफडेल. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात हिमालयाची नगरी सजते तेव्हाही कालिदास "चीनांशुकैः कल्पितकेतुमालम्" असेच म्हणतो, म्हणजे तेथेही चीनांशुक पताकांचेच आहे. दोन्ही जागी वारा आणि निशाण असावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता 'अंशुक'. 'अंशु' म्हणजे किरण, आणि तंतूही. त्यावरून 'अंशुक' शब्दात तलमपणाची आणि चकाकीची छटा आली, पण रेशीम हा अर्थ त्यात बांधलेला नाही. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत पर्यायकोशात, "वस्त्रमाच्छादनं वासश्चेलं वसनमंशुकम्" अशी ओळ आहे. तिथे अंशुक हा वस्त्राचा केवळ एक पर्याय आहे. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात 'अंशुकाक्षेप' म्हणजे वस्त्र ओढले जाणे, आणि विक्रमोर्वशीयात व्रतस्थ राणी 'सितांशुका' आहे, म्हणजे पांढरे वस्त्र नेसलेली. या दोन्ही ठिकाणी कापड कशाचे आहे हे कवीने सांगितलेले नाही. तेव्हा 'चीनांशुक' या समासात रेशमाचा अर्थ आणतो तो 'चीन' हा पहिला शब्द. ज्या देशाचे नाव घेतले की श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एकच कापड उभे राहावे, असा त्या देशाचा लौकिक झालेला होता.

हा लौकिक कालिदासाच्याही आधीचा असावा. कौटिलीय अर्थशास्त्रात कोशागारात घेण्याच्या मौल्यवान वस्तूंच्या प्रकरणात "कौशेयं चीनपट्टाश्च चीनभूमिजाः" असे शब्द येतात. येथे 'कौशेय' आणि 'चीनपट्ट' ही दोन नावे शेजारी शेजारी, पण वेगळी ठेवलेली आहेत, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. 'कौशेय' म्हणजे कोशापासून झालेले. पाणिनीने या शब्दाच्या सिद्धीसाठी "कोशाड्ढञ्" हे स्वतंत्र सूत्र दिले आहे, आणि अमरसिंहाने "कौशेयं कृमिकोशोत्थम्" असा अर्थ सांगितला आहे. म्हणजे कौशेय हे नाव उत्पत्तीवरून पडले, चीनपट्ट हे देशावरून पडले, आणि अंशुक हे रूपावरून.

कौशेयाचा कोश मराठी मुलखात अजून जिवंत आहे. विदर्भात, विशेषतः भंडारा आणि गडचिरोलीच्या बाजूला, ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोशापासून जे टसर निघते त्याला लोक 'कोसा' म्हणतात. कोसा हा कोशाचाच सरळ वारस आहे. मराठीतला 'कोसला', म्हणजे किड्याचा कोश, हाही त्याच घरातला. भारतात रेशीम केवळ चीनमुळे आले, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा शब्द आठवावा. प्रवरेच्या काठी नेवासे येथील उत्खननात ताम्रपाषाण काळातील एका पुरलेल्या मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांमध्ये ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष मिळाले, आणि त्या दोऱ्यात रेशीम ओळखले गेले; तो काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाचा आहे. या भूमीत रेशीम होते, त्याला नावही होते. तरीही चिनी रेशमाला वेगळे नाव द्यावेसे वाटले, याचे कारण धाग्यात शोधले पाहिजे.

चिनी रेशीम तुतीच्या पानांवर पोसलेल्या पाळीव किड्याचे असते. हा किडा चार वेळा कात टाकतो, साधारण पंचवीस ते अठ्ठावीस दिवस सतत खातो आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोश विणतो. तो कोश एकाच अखंड तंतूचा असतो आणि तंतूची लांबी बहुधा 600 ते 1500 मीटर भरते. पतंग कोश भेदून बाहेर पडला की हा तंतू जागोजागी तुटतो, म्हणून त्याआधीच कोशांना ऊब देऊन आतला जीव मारतात. मग कोश गरम पाण्यात सोडतात, तंतू एकमेकांना चिकटवून धरणारा डिंक मऊ पडतो, आणि सात-आठ कोशांची टोके एकत्र धरून एकच धागा असारीवर उकलत नेतात. तुतीच्या रेशमाचा एक तंतू दोन ते तीन डेनिअरचा असतो, म्हणजे त्याची 9000 मीटर लांबी जेमतेम दोन-तीन ग्रॅम भरते. टसरचा तंतू त्याच्या तिपटी-चौपटीने जाड, चपटा आणि मुळातच तपकिरी-सोनेरी झाकीचा. तुतीच्या तंतूचा आडवा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे प्रकाश त्याच्या सपाट अंगांवरून परावर्तित होतो, आणि तो शुभ्र असल्यामुळे कोणताही रंग त्यावर उठून दिसतो. 'अंशु' या शब्दाचे तंतू आणि किरण हे दोन्ही अर्थ या एका धाग्यात प्रत्यक्ष एकत्र येतात. अंशुक हे सामान्य नाम असूनही कवीला ते येथे नेमके वाटले असावे, असे माझे मत आहे.

हलकेपणाचा पुरावा हवा असेल तर चांग्शा शहराजवळच्या मावांगत्वेइ येथील थडग्याकडे पाहावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वारलेल्या एका सरदारपत्नीचे हे थडगे 1972 मध्ये उघडले, आणि त्यात जाळीदार विणीचा एक साधा रेशमी झगा मिळाला, ज्याचे वजन 49 ग्रॅम आहे. पूर्ण बाह्यांचा, 128 सेंटिमीटर लांबीचा झगा आणि वजन एवढेच! दुष्यंताच्या मनाला ज्या कापडाची उपमा शोभेल ते हेच.

'पट्ट' या शब्दाची वाट वेगळी आहे. मंदसोरच्या शिलालेखात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, आलेल्या विणकरांच्या श्रेणीला (संघाला) 'पट्टवाय', म्हणजे रेशमी वस्त्र विणणारे, म्हटले आहे; त्यांच्या सूर्यमंदिराच्या जीर्णोद्धाराचे वर्ष त्यात इसवी सन 473 पडते. तारुण्य, सोन्याचा हार, तांबूल आणि फुले हे सगळे असूनही स्त्री जोवर पट्टवस्त्रांची जोडी नेसत नाही तोवर प्रियकराकडे जात नाही, असे आपल्या मालाचे कौतुक त्या विणकरांनी शिलालेखात कोरून घेतले. हाच पट्ट मराठीत 'पाट' झाला. सोवळ्याच्या रेशमी वस्त्राला जुनी माणसे 'पाटाव' म्हणत, आणि रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठवणारा तो 'पटवेकरी'.

मग रेशीम? हा शब्द फारसीतून आला आहे. फारसी 'अबरेशम' मधील पहिले अक्षरगट गळून 'रेशम' राहिले आणि मराठीत त्याचे 'रेशीम' झाले. तो चिनी आहे ही समजूत बहुधा दुसऱ्याच एका शब्दकुळामुळे पसरली असावी. चिनी भाषेत रेशमी तंतूला 'स्स' असा एकाक्षरी शब्द आहे, आणि ग्रीकांनी रेशीम पिकवणाऱ्या लोकांना 'सेर' व रेशमाला 'सेरिकोन' म्हटले, त्याचे मूळ या चिनी शब्दात असावे असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजी 'सिल्क' याच कुळात बसवतात. कोशातल्या ज्या डिंकाचा उल्लेख वर केला, त्याचे शास्त्रीय नाव 'सेरिसिन' हेही त्या ग्रीक शब्दावरूनच घडवले आहे. फारसी रेशम या कुळातला म्हणून दाखवता येत नाही.

मात्र रेशीम मराठीत किती मुरले आहे, हे त्याच्या रूपांवरून दिसते. 'वकील' हा शब्दही बाहेरून आला, पण त्याचे सामान्यरूप 'वकिला' असे होते, मधला इकार टिकतो. 'रेशीम' मात्र 'रेशमाचे' होते, जसे कापूसचे 'कापसाचे' आणि माणूसचे 'माणसाचे'. मूळ फारसी शब्दात नसलेला ईकार मराठीने आत घातला आणि विभक्ती लागताच आपल्या जुन्या नियमाने तो काढूनही टाकला. परका शब्द घरचा झाल्याची यापेक्षा चांगली खूण मला ठाऊक नाही. लग्नाच्या गाठीला आपण 'रेशीमगाठ' म्हणतो, कारण रेशमाची गाठ एकदा बसली की सुटता सुटत नाही. ही म्हण रेशीम रोज हाताळणाऱ्या समाजातच जन्मू शकते.

चिनी भाषेने याच धाग्यातून केवढी शब्दसंपत्ती काढली आहे, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. रेशमाच्या लडीचे चित्र असलेली खूण त्यांच्या लिपीत तांबडा, हिरवा, कागद, गाठ, शेवट अशा कितीतरी शब्दांच्या चिन्हांत बसलेली आहे. मागावरच्या उभ्या धाग्याला, म्हणजे आपल्या ताण्याला, ते 'जिंग' म्हणतात आणि बाण्याला 'वेइ'. याच दोन शब्दांवरून त्यांचे रेखांश आणि अक्षांश आले. जिंगचा दुसरा अर्थ प्रमाणग्रंथ, कारण ताणा आधी लागतो आणि शेवटपर्यंत स्थिर राहतो. बौद्ध सूत्रे चिनी भाषेत गेली तेव्हा 'सूत्र' या शब्दासाठी हाच 'जिंग' वापरला गेला. आपल्याकडे दोऱ्याचे नाव ग्रंथाला पडले होते, आणि त्यांच्याकडेही दोऱ्याचेच पडलेले होते.

त्यांच्या विणींपैकी 'कस्स' नावाची एक वीण मराठी वाचकाला सहज कळेल. तिच्यात ताणा अखंड असतो, पण बाणा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न जाता ज्या रंगाचा जेवढा भाग हवा तेवढ्यातच छोट्या कांड्यांनी मागे-पुढे फिरवतात. पैठणीचा पदर असाच विणतात. फरक असा की पैठणीत शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, तर कस्समध्ये दोन रंगांच्या सीमेवर बहुधा बारीक फट राहते, आणि उजेडासमोर धरल्यास आकृती कोरून काढल्यासारखी दिसते. त्याउलट नानजिंगचे 'युनजिन', म्हणजे मेघांचे जरीकाम, दोन माणसांच्या उंच मागावर होते. वर बसलेला ताण्याचे धागे उचलतो, खालचा बाणा भरतो, आणि दिवसभरात पाच-सहा सेंटिमीटर कापड झाले तरी पुष्कळ.

आता राहिला भरतकामाचा धागा. सूजौ, हूनान, ग्वांगदोंग आणि सच्वान या चीनच्या चार प्रसिद्ध भरतकामांपैकी सूजौच्या कामात रेशमी धाग्याचा पीळ सोडवून त्याचे भाग करतात. निम्मा, चौथाई, सोळावा हिस्सा, आणि माशाची शेपटी भरायची असेल तर त्याहूनही बारीक. याच शहरात जन्मलेल्या शेन शौ या कलावतीने भरतकामात छाया-प्रकाश आणला आणि तिने भरलेले इटलीच्या राणीचे चित्र 1911 च्या तुरीनच्या प्रदर्शनात गौरवले गेले. अशा धाग्याला मराठीत 'रेशमी दोरा' म्हटले तर फसगत होते, कारण दोरा म्हटला की पीळ आलाच. न पिळलेल्या, सुट्या रेशमाला 'रेशमाची लड' म्हणतात आणि तिच्यातून वेगळ्या केलेल्या बारीक भागाला 'पदर'. भरतकाम शिकवणाऱ्या स्त्रिया "दोन पदरांनी भर" असे सांगतात. तेव्हा "लडीतून काढलेला एकपदरी रेशमी धागा" असे लिहिल्यास अर्थ पूर्ण पोचतो आणि नवा शब्द घडवण्याची गरज उरत नाही. मुंबईच्या पारशी घरांतला 'गारा' पाहिला असेल, तर हा धागा आपण पाहिलेलाच आहे : कँटनशी व्यापार करणाऱ्या पारश्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथून भरून आणलेल्या त्या रेशमी साड्यांवर पूल, बाग आणि माणसांच्या 'चीना-चीनी' नक्षीत तो अजून चकाकतो.

शाकुंतलातल्या त्या ओळीचे भाषांतर मी असे करीन : "देह पुढे जातो आणि अनोळखी झालेले मन मागे धावते, वाऱ्यासमोर नेलेल्या निशाणाच्या तलम चिनी रेशमासारखे." यातला 'तलम' अंशुकासाठी आहे आणि 'रेशीम' चीनसाठी.