अन्नासाठी काम करायचं, तर इंजिनिअरिंग सोडायचं का?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या काळात जगापुढचा मोठा प्रश्न अन्नाचा असणार, म्हणून हे सोडून कृषी पदवीला जायचं, असं त्याच्या मनात आहे. त्याचं म्हणणं तुम्हाला पटतं, पण हातचं शिक्षण अर्धवट टाकण्याची धास्ती वाटते. माझं मत आधीच सांगतो. त्याचा ध्यास अगदी योग्य आहे, पण त्यासाठी डिग्री सोडू नये.

अन्नसुरक्षा म्हणजे जास्त पिकवणं, एवढंच आपण धरून चालतो. १९९६च्या जागतिक अन्न परिषदेनं मात्र सगळ्यांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता येणं, असा तिचा अर्थ लावला. पिकलेलं पोहोचायलाही हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार कापणीनंतर, दुकानात पोहोचण्याआधीच, जगातलं १३ ते १४ टक्के अन्न हातचं जातं. यातलं बरंचसं ज्या कारणांनी जातं, ती तुमच्या मुलाच्या अभ्यासक्रमात आहेत.

फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं; त्यातून उष्णता निघते आणि ते हळूहळू खराब होत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून तोडल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे. पण सरसकट गार करूनही भागत नाही. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन्‌महिने राहतं. केळं १३ अंशांच्या खूप खाली नेलं तर साल काळवंडते आणि ते धड पिकत नाही. आता वातानुकूलित कंटेनर डोळ्यांसमोर आणा. खोकी अगदी छताला टेकेपर्यंत रचली, तर हवा फिरायला वाट उरत नाही. बाहेरच्या पॅनेलवर आकडा बरोबर दिसतो आणि मधल्या खोक्यांतला माल आतल्या आत तापत राहतो. इथे उष्णतेचं वहन आणि हवेचा प्रवाह कळणारा माणूसच लागतो.

धान्याचंही तेच. ओलावा १४ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही पुरतं जात नाही. त्यामुळे चांगलं वाळवणी यंत्र बनवणारा इंजिनिअर लोकांच्या आरोग्याचंच काम करत असतो. आधुनिकीकरण म्हणजे फक्त सेन्सर आणि ॲप नव्हे, हेही त्याला सांगा. हवाबंद पिशवीत ऑक्सिजन संपून कीड मरते. या साध्या उपायानं कीटकनाशकाशिवाय धान्य टिकतं.

आता करायचं काय? ऐच्छिक विषयांत रेफ्रिजरेशन आणि उष्णता स्थानांतरण घ्यावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प वाळवणी किंवा शीतगृहावर करावा. सोबत अन्न सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी आणि ‘हॅसप’ ही धोके आधीच ओळखून रोखण्याची पद्धत शिकावी. १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी ती आकाराला आली आणि आज अन्न उद्योगात जगभर वापरतात. पदवीनंतर अन्न अभियांत्रिकी किंवा काढणीपश्चात तंत्रज्ञानात मास्टर्स करता येईल. ‘कृषी एआय’ छापाच्या महागड्या अल्प मुदतीच्या कोर्सच्या नादी आत्ता लागू नये. माल का सडतो हे कळल्याशिवाय त्याच्या डेटातून काही हाती लागत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मित्रांपेक्षा कमी असू शकतो, आणि काम रात्री-अपरात्री, थंडीत उभं राहून करावं लागतं. म्हणून या सुट्टीत त्यानं एखाद्या शीतगृहात किंवा पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरतात तिथे, इंटर्नशिप करावी. गाडी उशिरा येते, माल तापलेला असतो आणि निर्णय लगेच घ्यायचा असतो, तेव्हा आपण रमतो की वैतागतो, हे त्याचं त्यालाच कळेल.

तिथून आल्यावरही त्याची ओढ बियाणं आणि मातीकडेच असेल, तर कृषी शाखेचा विचार जरूर करू. तेव्हा पत्र मात्र त्यालाच लिहू द्या.